शेवटची सोळा पानं

९ जानेवारी

दहावं प्रकरण तिसऱ्यांदा चुरगळून टोपलीत फेकलं. दुपारी एक ते तीन आमची लाँड्री बंद असते, तेवढेच दोन तास माझे. हे आत मळलेले कपडे वेगळे करत असतात आणि मी बाहेर काउंटरवर बसून माणसं मारते.

बावन्न वर्षांची झाले. पंचवीस वर्षं लोकांच्या कोटांचे खिसे तपासतेय. काय काय निघतं त्यातून! सिनेमाची तिकिटं, भलत्याच बाईचं कानातलं, एकदा तर अर्धवट लिहिलेला राजीनामा. त्या खिशांतूनच मला कादंबरी सुचली. नाव ठेवलंय 'निळ्या कोटाचा मालक'. लाँड्रीत एक निळा कोट येतो. मालक न्यायला येतच नाही, कारण त्याचा खून झालाय. काउंटरवरची मुलगी शोध घ्यायला लागते, एक देखणा वकील तिला मदत करतो, ती त्याच्या प्रेमात पडते. इथवर गाडी झकास आली. पण खून वकिलानेच केलाय, आणि त्याला पकडायचा कसा, हे मलाच ठाऊक नाही. वाचकांना फसवायला निघाले आणि स्वतःच फसले.

संध्याकाळी हेडबाई आल्या. म्हणजे माझी मोठी नणंद. त्या शाळेतून निवृत्त झाल्या, शाळा त्यांच्यातून झाली नाही. म्हणाल्या, "प्रेम नि खून एकाच पुस्तकात? कोण वाचणार गं हे शेवटपर्यंत?"

मी हसण्यावारी नेलं. पण ते 'शेवटपर्यंत' मनाला लागलंय. पुस्तक उघडतात सगळेच. शेवटच्या पानापर्यंत किती जण पोहोचतात? ते कोणत्या लेखकाला कळलंय कधी?

११ जानेवारी

टोपलीतली पानं आज काउंटरवर सापडली. इस्त्री केलेली, कोपऱ्याला कोपरा जुळवलेली. ह्यांना चुरगळलेलं काही दिसलं की राहवतच नाही. मागे एकदा वर्तमानपत्रावर इस्त्री फिरवली होती. सवय, दुसरं काय! सगळ्यात वरच्या पानावर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'वकिलाला पकडायचं कसं???' कुणी वाचलं असतं तर काय म्हटलं असतं!

दुपारी हे एका गिऱ्हाइकाचा कोट घेऊन माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "हे बटण शिंप्याने लावलेलं नाही. मालकाने घरी लावलंय."

"कशावरून?"

"शिंपी बटणाखाली धाग्याचे वेढे देतो. ह्याने नुसतं आवळलंय, आणि गाठ वरून मारलीय. माणसाची गाठ मारायची पद्धत बदलत नाही. कुठेही शिवलं तरी तशीच मारणार. हस्ताक्षरासारखं असतं ते."

ह्यांचा वर्षभराचा बोलायचा कोटा एका दमात संपला. पण मी जागच्या जागी उभी! खुन्याच्या हातून झटापटीत निळ्या कोटाचं बटण तुटतं. संशय नको म्हणून तो ते स्वतः लावून कोट धुवायला टाकतो. आणि तश्शीच गाठ वकिलाच्या काळ्या डगल्यावर सापडते!

नेमका आजच तो कोट यावा, ह्याला नशीब म्हणतात. मागे जाऊन पहिल्या प्रकरणात ते बटण पेरलं, आणि तीन वाजेपर्यंत अकरा पानं झाली.

२० जानेवारी

गाठ ओळखायला कुणीतरी जाणकार हवा, म्हणून गोष्टीत एक रफूवाला घातला. कामापुरता. गाठ ओळखायची आणि निघून जायचं, असं ठरलं होतं. पण मेला जातच नाही. कोपऱ्यात खाली मान घालून शिवत बसतो. मुलीला थंडी वाजतेय हे तिच्याआधी ह्याला कळतं आणि हा मुकाट्याने उठून खिडकी लावतो. कुठून सुचला मला, देव जाणे. असा माणूस मी तरी कुठे पाहिला नाही.

लिहिता लिहिता इथेही गार वारा येत होता, तो आता थांबलाय. काल पण असंच झालं. ह्या खिडकीचा काही नेम नाही.

३ एप्रिल

संपली! शेवटचा पूर्णविराम दिला तेव्हा दोन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. आत जाऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "बरं झालं." आणि पँटची घडी घालायला लागले. वीस वर्षांच्या लग्नात... नाही, सत्तावीस. सत्तावीस वर्षांच्या लग्नात ह्या माणसाने एकदा तरी टाळी वाजवावी! चहा मात्र करून आणला. साखर जास्त पडली होती, नेमकी मला आवडते तेवढी.

१७ जून

सहा जणांनी परत पाठवल्यावर आज सातव्या प्रकाशकाने बोलावलं. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, जिन्यातसुद्धा पुस्तकांचे गठ्ठे. गृहस्थ दर दोन शब्दांनी थांबतात. मी मनातल्या मनात त्यांचं नाव 'स्वल्पविराम' ठेवलं.

"वकील, खुनी, वा! पाचशे प्रती, काढू."

मला खुर्चीत नीट बसता येईना. मग म्हणाले, "पण मुलगी शेवटी, एकटी राहते. चालणार नाही. तिचं, त्या रफूवाल्याशी, जमवा."

मी म्हटलं, "अहो, तो साधा कोपऱ्यातला माणूस. त्याच्यात प्रेमात पडण्यासारखं काय आहे?"

त्यांनी चष्मा काढला. "बाई, तुमची मुलगी, दहाव्या प्रकरणापासून, त्याच्याच प्रेमात आहे. तिला, आणि तुम्हाला, सोडून सगळ्यांना, दिसतंय."

प्रकाशक लोकांना आपलंच खरं वाटतं. पण पाचशे प्रती! बदलते म्हणाले.

२० जून

शेवटचं प्रकरण दोन दुपारींत नव्याने लिहिलं. तो तिला काही म्हणत नाही, नुसता तिचा फाटलेला रुमाल रफू करून परत देतो. लिहिताना मी घळाघळा रडले. कमाल आहे, एवढा कसला तो रुमाल!

२८ ऑगस्ट

आज छापखान्यात मी आकांडतांडव केलं. कादंबरी संगणकावर उतरवणाऱ्या बाई चहा पिताना सगळ्यांसमोर म्हणाल्या, "वकीलच निघाला की हो शेवटी!" बारा माणसं होती तिथे. माझ्या दीड वर्षाच्या मेहनतीवर बाईंनी बशीतला चहा ओतला.

पुस्तक एकेक पान करून छापत नाहीत. एका मोठ्या कागदावर दोन्ही बाजूंनी मिळून सोळा पानं छापतात आणि त्याची घडी घालतात. ह्याला फर्मा म्हणतात. माझ्या पुस्तकाचे तेरा फर्मे. मी स्वल्पविरामांना निक्षून सांगितलं, "तेरावा फर्मा छापला की कुलपात ठेवा. शिवायच्या दिवसापर्यंत कुणाच्या नजरेला पडता कामा नये." ते म्हणाले, "ठेवतो." मी कपाटाची किल्ली फिरवलेलीसुद्धा स्वतः बघून आले. आता कोण फोडतो माझं रहस्य बघू!

६ ऑक्टोबर

पुस्तक आलं! मुखपृष्ठावर निळा कोट, खाली माझं नाव. दिवसभर येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवलं. एक जण नुसता टाय न्यायला आला होता, तो पुस्तक विकत घेऊन गेला. बिचाऱ्याला दुसरा मार्गच ठेवला नव्हता मी.

ह्यांनी हात पुसले, पुस्तक घेतलं, एकदम शेवटचं पान उघडलं आणि कितीतरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "संपलं कसं हे?"

मी म्हटलं, "पुस्तकं अशीच संपतात."

"नाही, पण..."

"अहो, वाचलं नाही तर निदान नावं तरी ठेवू नका!"

ह्यांनी पुस्तक ठेवलं आणि इस्त्री हातात घेतली. एवढ्या आनंदाच्या दिवशी नाचता येईना तर अंगण वाकडं! म्हणजे नाचतेय मी आणि वाकडं ह्यांना दिसतंय. म्हण चुकली वाटतं. असो, मी खुशीत आहे.

१० ऑक्टोबर

पहिला वाचक लाँड्रीच्या फोनवर आला. मी आनंदाने उडीच मारणार होते.

"बाई, खुनी कोण?"

"शेवटी लिहिलंय की!"

"शेवटी लिहिलंय, 'मुलीने दिवा लावला आणि खोलीतल्या चौघांकडे पाहिलं.' एवढंच."

पुस्तक काढून बघितलं. एकशे ब्याण्णव पानं. बारा फर्मे! तेरावा अजून कुलपात. बाइंडरकडे बारा आले, त्याने बारा शिवले. एकशे ब्याण्णवाव्या पानाच्या तळाशी नेमका पूर्णविराम आला होता, त्यामुळे त्यालाही संशय आला नाही. छापून आल्यावर मी पहिलं पान वीस वेळा बघितलं, शेवटचं एकदाही नाही.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा. बैल कसला, मीच. दिवसभर कपाट नि किल्ली डोळ्यांसमोर येत राहिली. एका कुशीवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. ह्यांनी एक शब्द काढला नाही. ते एक बरं आहे ह्यांचं, वाचत नाहीत त्यामुळे टोमणेही मारत नाहीत.

११ ऑक्टोबर

स्वल्पविराम रडकुंडीला आलेत. दुकानांत उरलेल्या प्रती मागवून घेतल्या, त्यांना तेरावा फर्मा जोडता येईल. पण तीनशे बारा प्रती विकल्या गेल्यात. "जे पत्र लिहितील, त्यांना टपालाने, पाठवू," म्हणाले.

तेवढ्यात माझ्या डोक्यात वीज चमकली. म्हटलं, "टपाल नको. वर्तमानपत्रात छापा, शेवटची सोळा पानं आमच्या लाँड्रीत मिळतील. आणायची फक्त पुस्तकाची आठवण."

"लोक, भांडायला येतील."

"येऊ देत. भांडायला कोण येईल? जो पान एकशे ब्याण्णवपर्यंत पोहोचला तोच!"

मग त्यांना पटलं. जगातल्या कुठल्याच लेखकाला कळत नाही ते मला कळणार. किती जण शेवटपर्यंत आले. ते म्हणाले, "शंभर आले, तर दुसरी कादंबरी, डोळे मिटून काढतो."

बोलून तर बसले. आणि दहाच आले तर? तर आपण पंचवीस वर्षं जे करत आलो तेच करायचं, आणि पुन्हा कागदाला हात लावायचा नाही. हे मी इथे लिहून ठेवतेय, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

१३ ऑक्टोबर

कपड्यांना लावतो तेच नंबराचे टॅग घेतले. येणाऱ्या प्रत्येक वाचकाला एक. जाहिरात आली ती शेवटून दुसऱ्या पानावर, हरवलेल्या कुत्र्याच्या खाली.

आज चार जण. पाचवा आला तो घाईघाईने, मी फर्मा पुढे केला तर म्हणाला, "माझी पँट?"

१४ ऑक्टोबर

दोन.

हेडबाई काउंटरशी खुर्ची टाकून बसल्यात. "मी सांगितलं होतं," असं म्हणाल्या नाहीत, पण बसल्यात तशा. मी सगळ्यांवर खेकसतेय. ह्यांनी फर्म्यांच्या बंद कडा सुरीने कापून ठेवायला सुरुवात केलीय, म्हणजे लोकांना नेल्या नेल्या पानं उलटता येतील. कापून कापून शंभराचा गठ्ठा झाला. म्हटलं, "कशाला एवढे? सहा आलेत." म्हणाले, "लागतील."

ह्यांना काय कळतंय त्यातलं!

१५ ऑक्टोबर

एकवीस! एकदम! कुत्रा सापडला म्हणे, त्याची बातमी आली आणि खालची आमची जाहिरात सगळ्यांनी वाचली. एक बाई भांडायच्या तयारीनेच आल्या, पदर खोचून. "चार दिवस झोप नाही मला! हा काय खेळ लावलाय?" मी माफी मागितली. त्या भांडत होत्या आणि मला त्यांचा मुका घ्यावासा वाटत होता.

सगळे एकच विचारतात, तो रफूवाला खुनी नाही ना? त्याला काही होत नाही ना? वकिलाचं कुणी नाव काढत नाही. एका बाईंनी हळूच विचारलं, "असा माणूस खरंच आहे का हो?" मी म्हटलं, "असता तर मी लाँड्रीत बसले असते का?" ह्यांनी त्यांच्या हातातल्या पिशवीचा तुटका बंद मधल्या वेळात टाचून दिला होता. त्यांनी पिशवीकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हसत सुटल्या. टाका फारच सुबक होता, हे खरं.

हेडबाई जाताना म्हणाल्या, "काखेत कळसा आणि गावाला वळसा." कशावरून म्हणाल्या कोण जाणे. वयोमानाप्रमाणे विषय सोडून बोलतात हल्ली.

१८ ऑक्टोबर

आजचा दिवस पुसून जाऊ नये म्हणून सगळं लिहिते.

सकाळी अठ्ठ्याण्णवावा टॅग दिला. अकरा वाजता इस्पितळातल्या नऊ नर्स ड्यूटी संपवून एकदम आत शिरल्या. पुस्तक एकच, तेही पानं सुटलेलं, वर औषधाच्या बाटलीचा गोल डाग. म्हणाल्या, "आम्ही नऊ जणींनी पाळीपाळीने वाचलंय. शेवट पाळीपाळीने वाचणार नाही. इथेच वाचणार, सगळ्या एकदम." आणि त्यांतल्या सगळ्यात उंच बाईने फर्मा हातात घेऊन मोठ्याने सुरुवातच केली.

ह्यांनी प्रेसची वाफ बंद केली. दुकानात पंचवीस वर्षांत दिवसाढवळ्या एवढी शांतता मी ऐकली नव्हती. कोट न्यायला आलेला एक गृहस्थ कानांवर हात ठेवून ओरडला, "थांबा, थांबा! मी अजून चाळिसाव्या पानावर आहे!" आणि बाहेर पळाला. हेडबाईंनाही नेमका तेव्हाच कुणाला तरी फोन करायचं आठवलं. त्या बाहेर फुटपाथवर त्या गृहस्थाशेजारी उभ्या राहिल्या, फोन न करता.

उंच नर्स वाचत होती आणि मी चेहरे बघत होते. बटणाची गाठ आली तेव्हा एकीने दुसरीचा हात धरला. वकिलाचं नाव आलं तेव्हा तिघी एकदम, "अगं बाई!" रुमालापाशी वाचणारीचा आवाज गेला, तिने कागद शेजारणीकडे दिला, तिलाही वाचवेना. तिसरीने नाक ओढत संपवलं. एवढी मरणं बघणाऱ्या बाया, आणि माझ्या रुमालाला रडल्या! मी स्वतः लिहिलेलं, मला तोंडपाठ असलेलं, आणि तरी पुढे काय होतंय म्हणून मीही जीव मुठीत धरून ऐकत होते.

मग सगळ्या बोलायला लागल्या. मी पुस्तक एक म्हणून टॅग एकच द्यावा का, असा विचार करत होते, तर हे आतूनच म्हणाले, "माणसं नऊ आहेत." नऊ टॅग दिले. नव्याण्णव ते एकशे सात. शंभरावा त्या उंच नर्सला मिळाला. तिने तो गणवेशाला लावला आणि तशीच गेली.

स्वल्पविरामांना फोन केला. म्हटलं, "एकशे सात." पलीकडे पहिल्यांदाच त्यांनी एका दमात वाक्य पूर्ण केलं, "दुसरी आवृत्ती टाकतो आणि तिसरी जानेवारीपर्यंत लागेल आणि तुम्ही लगेच पुढचं लिहायला बसा!"

२९ ऑक्टोबर

दोनशे शहाऐंशी. ग्रंथालयवाले आले, घरोघरच्या सासू-सुना आल्या, एक जोडपं भांडत आलं आणि पानं वाचून हातात हात घालून गेलं. हेडबाईंनी काउंटरवरचा एक फर्मा पर्समध्ये टाकलेला मी बघितला. रद्दीला नेला असेल.

७ नोव्हेंबर

काल संध्याकाळी टॅग तीनशे बारावर थांबले. जेवढ्या प्रती, तेवढी माणसं. ह्याहून जास्त काय मागायचं, म्हणून सकाळी बाहेरचा बोर्ड काढायला गेले, तर एक उंच, ताठ कण्याचे म्हातारे गृहस्थ समोर. मिशा पांढऱ्या, आवाज दरडावणीचा. निवृत्त पोलीस इन्स्पेक्टर. पुस्तक जवळ नाही.

"बायकोने नेलं. शेवटची पानं पण तिनेच नेली तुमच्याकडून. बहिणीकडे गेलीय आठ दिवस, आणि फोनवर सांगत नाही. म्हणते, तुम्हीच शोधा, पोलीस ना तुम्ही!"

"मग? शोधलंत?"

"त्यात काय शोधायचंय? घरमालकीण." छाती पुढे काढून म्हणाले. "चौथ्या प्रकरणात ती किल्ली लपवते. सहाव्यात खोटं बोलते. चाळीस वर्षं हेच केलंय मी, बाई. फक्त खात्री करायला आलोय."

घरमालकीण! ती किल्ली, ते खोटं, सगळं मी एकेक करून ह्याच्यासाठीच पेरलं होतं, एखादा तरी शहाणा त्या वाटेने जावा म्हणून. मी चेहरा सरळ ठेवला. कसा ठेवला माझं मला माहीत. त्यांना खुर्ची दिली, फर्मा दिला.

त्यांनी बसायला नकार दिला. उभ्याने वाचायला लागले. पहिल्या दोन पानांत मान डोलावत होते. तिसऱ्या पानावर मान थांबली. चौथ्यावर ते बसले. सातव्यावर त्यांनी आजूबाजूला बघितलं, कुणी आपल्याला बघतंय का म्हणून. सोळावं पान संपल्यावर कागदाची नीट घडी घातली.

"बटणाचं तुम्ही पहिल्याच प्रकरणात सांगितलं होतं."

"सांगितलं होतं."

"आणि मी ते वाचलं."

"वाचलंत."

ते उठले. काठी काखेत मारली, दोन्ही टाचा जुळवल्या आणि मला, लाँड्रीवालीला, भर दुकानात कडक सलाम ठोकला. "फार लबाड आहात हो तुम्ही," म्हणाले, आणि दारापर्यंत जाऊन परत आले. "बायकोला सांगू नका मी आलो होतो."

मी त्यांच्या हातात टॅग ठेवला. तीनशे तेरा.